आबांच्या बागा

सासूबाई गेल्या त्या वर्षी सासरे सावद्याहून आमच्याकडे जळगावला राहायला आले. त्यांना सगळे आबा म्हणत, मीही आबाच म्हणायचे. जन्म केळीच्या बागेत गेलेला माणूस. शेती मोठे दीर बघायचे. दोघांचं पटेना, रोज काहीतरी कुरबुर, म्हणून माझे यजमान एका रविवारी जाऊन त्यांना घेऊन आले. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. येताना आबांनी एक पत्र्याची पेटी आणली होती. तिच्यात दोन धोतरं, दोन सदरे आणि सासूबाईंचा एक फोटो, एवढंच होतं.

आमचं घर भाड्याचं. पुढे एक खोली, मागे एक आणि त्याला लागून स्वयंपाकघर. मी ब्लाउज शिवायचे, परकर शिवायचे, साड्यांना फॉल लावून द्यायचे. पुढच्या खोलीत खिडकीपाशी माझं मशीन होतं, कारण उजेड तिथंच चांगला यायचा. आणि त्याच खोलीत समोरच्या भिंतीला आबांची खाट लावली.

बायका माप द्यायला आल्या की आबा न सांगता उठून ओट्यावर जायचे. माप झालं की परत आत. पण दिवसातून पाच-सहा वेळा असं उठणं-बसणं व्हायचं आणि दुपारी ओटा तापलेला असायचा. कधी त्यांचा डोळा लागलेला असला की मलाच हाक मारून उठवावं लागायचं. एकदा शाळेतल्या एक बाई, माझं कायमचं गिऱ्हाईक, दुसरीकडे शिवायला गेल्या. रस्त्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, "तुमचं काम चांगलंच आहे हो. पण घरात वडीलधारे बसलेले असतात, संकोच वाटतो."

त्या दिवशी मी घरी आले ती चिडूनच. आबा खाटेवर बसून अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. त्यांच्याकडे न बघता, भिंतीवरच्या फळीवर दोऱ्याचं रीळ शोधत मी म्हणाले, "दिवसभर घरात बसून माणसाला करमतं तरी कसं, कोण जाणे."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांनी टोपी घातली, काठी घेतली आणि म्हणाले, "मी जरा टेशनाकडे जाऊन येतो, माय. आपल्याकडचा एक केयीचा अडत्या हाये तठी. वयखीचा हाये. बसतो त्याच्यापाशी."

संध्याकाळी त्या ओळखीच्या केळीच्या अडत्याकडून आले ते खुशीत. सावद्याकडच्या चार बातम्या सांगितल्या. दुसऱ्या दिवशी परत गेले. मग रोजचंच झालं. मी त्यांना डबा द्यायला लागले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, एखादी भाजी, मिरचीचा ठेचा. पाचच्या सुमाराला ते परत यायचे आणि डबा स्वच्छ धुऊन आणायचे. मी शेजारणीला कौतुकानं सांगायचे, "आमच्या आबांचा डबा मला कधी घासावा लागत नाही." माझं काम वाढलं. त्या शाळेतल्या बाईसुद्धा परत आल्या. दीड वर्ष असं गेलं आणि या दीड वर्षात त्या अडत्याचं दुकान नेमकं कुठे आहे, हे मी आबांना एकदाही विचारलं नाही.

संक्रांत होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. धरणगावच्या एका घरी लग्न होतं, त्यांचे चौदा ब्लाउज मी शिवले होते आणि ते नेऊन द्यायचे होते. तिथं घालून बघायचे, कुठे उसवायचं-घालायचं असेल तर तिथंच बसून करून द्यायचं, म्हणजे पूर्ण दिवसाचं काम. मुलगी तेव्हा दुसरीत होती. शाळा सुटल्यावर तिनं शेजारी थांबायचं असं ठरवलं. यजमान कचेरीत गेले, आबा डबा घेऊन गेले आणि मी गाठोडं घेऊन एसटी स्टँडवर आले.

तिथं त्या लग्नघरच्या वहिनीच समोर आल्या. बांगड्या भरायला पहाटेच्या गाडीनं जळगावला आल्या होत्या. म्हणाल्या, "अहो, तुम्ही कशाला दगदग करता? द्या इकडे. कमी-जास्त असलं तर परवा आम्हीच येणार आहोत."

गाठोडं त्यांच्या हातात गेलं आणि माझे हात मोकळे झाले. सकाळचे साडेनऊ वाजले होते. घरी जायला हवं होतं. टेबलावर कापून ठेवलेली कापडं होती, दळण आणायचं होतं. पण सगळ्यांना वाटत होतं की मी धरणगावला आहे. लग्न झाल्यापासून असा एक अख्खा दिवस माझ्या वाट्याला आला नव्हता. मी स्टँडच्या बाहेर आले, शेंगदाणे घेतले आणि पाय नेतील तिकडे चालायला लागले. थंडी होती, ऊन कोवळं होतं. गावातल्या मोठ्या बागेपाशी आले तेव्हा वाटलं, इथं बसावं. मुलीला घेऊन मी तिथं दोन-तीनदा आले होते, पण तेव्हा सगळा वेळ घसरगुंडीपाशी उभं राहण्यातच गेला होता.

आत फारसं कुणी नव्हतं. कारंजं बंद होतं, त्याच्या हौदात पानं साठली होती. झेंडूच्या वाफ्यांना नुकतंच पाणी दिलेलं होतं. मी एक फेरी मारली. मागच्या बाजूला, जिथं पाण्याची टाकी होती, तिथं ओल असायची, आणि त्या ओलीत केळीची सात-आठ झाडं होती. तिथं एक म्हातारा माणूस उकिडवा बसून खुरप्यानं माती उकरत होता. सदरा काढून शेजारच्या मेंदीच्या कुंपणावर टाकला होता. टोपीखालचं डोकं आणि ती पाठ मी ओळखली.

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल? मला वाटलं, आता हे मला बघतील, आणि मी धरणगावला न जाता इथं फिरतेय हे घरी कळेल. मी पटकन बोगनवेलीच्या आड झाले. तिथून बघत राहिले. आबा केळीच्या बुंध्याशी उगवलेले जास्तीचे कोंब काढत होते. एक ठेवून बाकीचे काढतात, तसं. कुणीतरी टाकीच्या बाजूनं हाक मारली, "आबा, चहा घ्या!" बागेचा माळी होता तो. त्यालाही ते आबाच होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला की ही काही आजची गोष्ट नाही.

मी पुढे झाले. डोक्यावरचा पदर सारखा केला. आबांनी वर बघितलं आणि त्यांच्या हातातलं खुरपं खाली पडलं.

"अवं माय, तू अठी कशी? घरी सगयं बरं हाये ना? पोरगी?"

"सगळं बरं आहे, आबा. धरणगावच्या बाई स्टँडवरच भेटल्या."

ते घाईघाईनं सदरा घालायला लागले. बाही सापडेना. "मी आत्ताच आलतो," ते म्हणाले. "आज अडतीवर गर्दी होती, म्हून म्हनलं जरा..."

माळी दोन कप चहा घेऊन आला होता, त्यानं माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "आबा, या कोण?"

"माही सून," आबा म्हणाले. मग काय वाटलं कुणास ठाऊक, सदऱ्याची बटणं लावता लावता थांबले आणि हळूच म्हणाले, "अडत्या गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या आंधीच वारला, माय. त्याच्या पोरानं दुकान तठून हलोलं. पोराची नि माही वयख नही. मंग कुठी बसू?"

गेल्याच्या गेल्या दिवाळीच्या आधी. म्हणजे सव्वा वर्ष. सावद्याच्या ज्या बातम्या ते रोज संध्याकाळी सांगायचे, त्या मग कुठून आणायचे? मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं. स्टेशनवर सावद्याकडची गाडी यायच्या वेळेला जाऊन उभे राहायचे, कुणी ओळखीचं उतरलं तर दोन शब्द बोलायचे. कुणी नाही भेटलं, तर मनानंच काहीतरी जुळवायचे. "तुले वाटलं पायजे ना, की मी मान्सांत हाये."

माळ्यानं माझ्यासाठीही चहा आणला. तेव्हा आमच्याकडे सासऱ्याच्या शेजारी बसायची रीत नव्हती. आबा बाकावर बसले, मी समोरच्या वाफ्याच्या कडेला दगडावर बसले. चहा संपल्यावर मी कप खाली ठेवला. शेवटी मीच म्हणाले, "आबा, मलाही आज घरी जायचं नाहीये."

त्यांनी चमकून बघितलं. आणि मग हसले. आमच्या घरी आल्यापासून मी त्यांना असं हसताना बघितलं नव्हतं. "मंग चाल," ते म्हणाले. "आज तुले माह्या सगया बागा दाखोतो."

आणि त्यांनी खरंच दाखवल्या. आधी त्या मोठ्या बागेतलं सगळं. कुठल्या बाकावर सकाळी नऊपर्यंत ऊन येतं, कुठला बाक पावसाळ्यात खालून फुगतो, कुठल्या नळाला दुपारीसुद्धा पाणी असतं. तो नळ त्यांनी मला दाखवला तेव्हा सहज म्हणाले, "डबा अठीच धुतो." मी मान हलवली. केळीच्या झाडांपाशी मात्र ते बराच वेळ थांबले. माळ्यानं ती झाडं नुसती शोभेसाठी लावली होती, त्यांना पाणी कसं द्यायचं, वाळलेली पानं कधी काढायची, हे त्याला माहीत नव्हतं. आबांनी शिकवलं. एका घडाला टेकू म्हणून त्यांनी बांबूची कैची बांधली होती. ती दाखवताना त्यांचा आवाज बदलला, शेतातल्यासारखा मोठा झाला.

तिथून आम्ही एका कॉलनीतल्या छोट्या बागेत गेलो. बाग कसली, मोकळ्या जागेला तारेचं कुंपण आणि मधे एक जुना शिरीष. दुपारची सावली इथली चांगली, म्हणून जेवायला आबा इथं यायचे. पलीकडच्या पारावर चार-पाच पेन्शनर पत्ते खेळत होते.

"तुम्ही नाही का बसत त्यांच्यात?"

"बसलो व्हतो एकदा. त्येईनं इचारलं, पोरगा गावात ऱ्हायतो, मंग तुम्ही दिवसभर अठी कसे? म्हून आता दूरच बसतो."

डबा उघडला. भाकरी सकाळची, थंडीनं कडक झालेली. मी ती रोज भरून देत होते आणि अडत्याच्या दुकानात चहाबरोबर, माणसांबरोबर ते खातात असं धरून चालले होते. आबांनी अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे केली. मी शेंगदाणे काढले. मी म्हणाले, "आबा, मला इतकं नको, तुम्ही बठ्ठं खा." माझं माहेर साक्रीकडचं, तिकडे 'सगळं'ला 'बठ्ठं' म्हणतात आणि 'आहे'ला 'शे'. जळगावला येऊन मी ती बोली सोडली होती, पण घाईत तोंडातून निघून गेली. आबांना हसू आवरेना. "बठ्ठं! अवं, माहे व्याही असेच बोलत व्हते लग्नात. 'बठ्ठं बेस शे!'" आम्ही दोघं हसलो. पत्ते खेळणाऱ्यांपैकी एकानं वळून बघितलं.

हे सांगायला लाज वाटते, पण मी त्या दिवशी सुखात होते. तोच तर माझा त्रास आहे. मला कळत होतं की मी जे एक वाक्य भिंतीकडे बघून बोलले, त्यानं हा माणूस सव्वा वर्ष रस्त्यावर होता. आणि तरीही ऊन छान होतं, भाकरी गोड लागत होती, कुणी मला हाक मारत नव्हतं.

दुपारनंतर आम्ही मेहरूणच्या तलावाकडे चालत गेलो. बरंच लांब होतं, पण आबा माझ्यापेक्षा भराभर चालत होते. वाटेत बोरं विकणाऱ्या बायका बसलेल्या होत्या. एकीनं आबांना ओळखलं आणि पसाभर बोरं त्यांच्या उपरण्यात टाकली. तलावावर वारा होता. पाण्यात कसलेसे पक्षी होते, आबा म्हणाले ते थंडीपुरते येतात. आम्ही काठावर बोरं खात बसलो. ते सासूबाईंबद्दल बोलले. सासूबाईंना पोहता येत होतं, ही गोष्ट मला त्या दिवशी पहिल्यांदा कळली. विहिरीत पडलेलं वासरू त्यांनी उडी मारून धरून ठेवलं होतं, माणसं येईपर्यंत.

तिथं मी विचारलं, "आबा, पावसाळ्यात कुठे बसायचात?"

"मोठ्या बागंत पाळन्याजोळ पत्र्याची शेड हाये. नहीतं टेशन हायेच."

मला श्रावणातली एक संध्याकाळ आठवली. आबा नखशिखांत भिजून आले होते आणि माझ्या मशीनशेजारी ठेवलेल्या गिऱ्हाइकाच्या साडीवर त्यांच्या धोतराचं पाणी गळलं. मी त्यांना म्हणाले होते, "अडतीवरून निघताना पाऊस बघून तरी निघायचं." नंतर चार दिवस त्यांना ताप होता.

"आबा," मी म्हणाले, "मी बोलले ते चुकलं माझं. मशीन मी आत घेते. तुम्ही घरी बसा."

त्यांनी बोराची बी दूर फेकली. "तुह्यं काम हाये ते," म्हणाले. "आत अंधार हाये. डोये जातीन तुह्ये. फकत एक कर. पोराले सांगू नको. तो मनाले लावून घेईन, मंग तुह्यावर रागावन."

मी हो म्हणाले. लगेच म्हणाले. इतक्या लगेच, की त्यांच्यासाठी म्हणाले की माझ्यासाठी, याबद्दल मला तेव्हाही शंका नव्हती.

घरी आम्ही वेगवेगळे आलो. त्यांनीच सुचवलं. ते आधी गेले, मी मुलीला शेजारून घेऊन अर्ध्या तासानं. यजमानांनी विचारलं, "धरणगावचं काम झालं?" मी म्हटलं, "झालं." आबा खाटेवर बसून नातीला बोरं देत होते. ते म्हणाले, "आज अडतीवर कोनी नव्हतं."

दुसऱ्या दिवशी मी आबांना जाऊ दिलं नाही. थंडीचं निमित्त केलं. ते थांबले. दिवसभरात सात बायका आल्या. आबा भिंतीकडे तोंड करून बसायचे. तिसऱ्या दिवशीही थांबले. एक नवं गिऱ्हाईक दारातूनच "मग येते" म्हणून गेलं आणि ते आबांनी ऐकलं. मशीन आत घ्यायचं मी दोन्ही दिवस बोलत होते. पण आत खरंच अंधार होता, तिथं दिवा लावून घ्यायचा होता, धान्याच्या कोठ्या हलवायच्या होत्या, वायरमन आज येतो उद्या येतो करत होता. चौथ्या दिवशी सकाळी आबा टोपी घालून उभे राहिले. डब्यासाठी हात पुढे केला नाही. नुसते उभे राहिले. मी भाकरी करत होते. मला तेवढंच म्हणायचं होतं की आबा, बसा. मी डबा भरला. दोन भाकऱ्यांच्या जागी तीन ठेवल्या, वर गुळाचा खडा ठेवला, त्यांच्या खांद्यावर माझी लोकरीची शाल टाकली आणि दार उघडून दिलं.

मशीन आत गेलं ते चैत्रात. नवा दिवा आला, कोठ्या हलल्या, खोली आबांना मोकळी झाली. मी त्यांना सांगितलं, आता कुठे जायचं कारण नाही. ते बरं म्हणाले. पण दुपारनंतर निघून जायचेच. बागा आवडत होत्या म्हणून जायचे, की घरात नको असल्याची सवय झाली होती म्हणून, ते मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस झालं नाही. पुन्हा त्यांच्याबरोबर मी कधी गेले नाही. त्यांनी एकदा बोलावलं होतं, बोरांच्या दिवसांत. लग्नसराईची कामं होती. मी म्हणाले, पुढच्या आठवड्यात जाऊ.

पाच वर्षांनी ते गेले. फार त्रास न होता, सावद्यालाच, मोठ्या दिरांकडे गेलेले असताना.

यजमानांना मी हे सगळं सांगितलं ते त्यांच्या निवृत्तीनंतर. एका सकाळी ते म्हणाले की आता वेळ कसा घालवायचा तेच कळत नाही, आणि मला रडू फुटलं. मग सांगावंच लागलं. भिंतीकडे बघून बोललेलं वाक्यसुद्धा सांगितलं. शेवटी ते म्हणाले, "तेव्हा सांगायला हवं होतंस."

"हो."

"मी रोज त्या बागेच्याच रस्त्यानं कचेरीत जात होतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते एकटेच बाहेर पडले. कुठे जातायत ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. अकराच्या सुमाराला आले. चपलांना माती होती. मी पाण्याचा तांब्या पुढे केला.

"टाकीपाशी केळीच्या जागी आता सगळी फरशी केलीय," ते म्हणाले, आणि पाणी न पिताच मागच्या खोलीत गेले.